वसईचा दुभाष्या आणि नागासाकीचे तिकीट



आज एका टपाल तिकिटाविषयी बोलायचे आहे. तिकीट जपानचे, किंमत साठ येन, साल १९८१. त्या वर्षी जपानच्या टपाल खात्याने आपल्या देशातल्या पाश्चात्य धाटणीच्या जुन्या इमारतींची एक तिकीटमाला सुरू केली. मालेच्या आरंभीच्या तिकिटांपैकी एकावर चर्च आहे. नागासाकी शहरातले ओउरा चर्च. तिकिटावर जपानी अक्षरांत त्याचे छोटे नाव आहे आणि रोमन अक्षरांत ‘निप्पॉन’ म्हणजे जपान. चर्चचे पूर्ण नाव तिकिटावर मावणारे नाही. ते असे आहे: जपानच्या सव्वीस संत हुतात्म्यांचे चर्च. आणि या सव्वीसांपैकी एक जण आपल्या वसईचा आहे.

गोन्सालो गार्सिया. वसईत हे नाव कुणाला नवीन नाही. गास गावचे चर्च त्याच्या नावाचे, कॉलेज त्याच्या नावाचे. कित्येक ख्रिस्ती घरांत भिंतीवर त्याची तसबीर असते. अंगात फ्रान्सिस्कन साधूचा झगा, कमरेला दोरी आणि मागे क्रूस. मात्र विरार लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “पोर्तुगीज होता ना कुणीतरी?” शेजाऱ्याचे काही चुकले नाही. नावच तसे आहे. पण ते अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे आज सांगायचे आहे.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. त्याच्या आधी वीस-बावीस वर्षे, म्हणजे २३ डिसेंबर १५३४ रोजी, गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली होती. एका मुसलमान सुलतानाने आपली मान सोडवण्यासाठी आमचा मुलूख परक्या दर्यावर्दींना लिहून दिला. दिल्लीकडून हुमायूनची धास्ती होती, म्हणून. सुलतानाच्या सहीने वसईतल्या मुसलमानाचे काही भले झाले नाही आणि हिंदूचेही नाही. पुढच्या दोनशे वर्षांत देवळे पडली, मशिदीही पडल्या. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन बसले, त्याचा हात वसईपर्यंत पोहोचत होता. हे मी आधीच सांगून टाकतो. चर्चविषयी गोड बोलायचे आणि हा भाग वगळायचा, हे मला जमणार नाही.

तर गोन्सालोचा बाप पोर्तुगीज. आई इथली, वसईची. बापाचे आडनाव मुलाला लागले आणि जगभर गेले. आईविषयी पुस्तकांत एवढेच येते, की ती इथली होती. चारशे वर्षे ज्याच्या नावाने मेणबत्त्या लागतात, त्या संताची आई आपल्याला नावाने ठाऊक नाही. ती कोणत्या वाडीची, तिने त्याला कोणत्या बोलीत निजवले, याचाही पत्ता नाही. मी कवितेचा माणूस. मला हुतात्म्यापेक्षा ती आई जास्त छळते.

पोराचे शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइट साधूंकडे झाले. त्यांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून उभा आहे. त्याच्या खांबांवरच्या उभ्या रेषा आणि माथ्यावरची पाने जवळ जाऊन पाहण्यासारखी आहेत. वसई आणि जपान यांचे नाते गोन्सालोच्याही आधीचे आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले होते, आणि तेच झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्या काळी वसई हे दूरचे टोक नव्हते. इथल्या गोदीत जहाजे बांधली जात, गोवा-मलाक्का-मकाव-जपान अशी वाट चाले. पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालो याच वाटेने एका साधूसोबत जपानला गेला.

तिथे तो भाषा शिकला. नुसती बाजारात भाव करण्यापुरती नव्हे, धर्म समजावून सांगण्याइतकी. काही वर्षे त्याने जेझुइटांबरोबर हे काम केले. त्यांच्या संघात रीतसर घ्यावे अशी त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. त्या काळी या भूमीत जन्मलेल्यांना मोठ्या धर्मसंघांची दारे सहसा उघडत नसत. मग तो व्यापारात पडला आणि चांगला व्यापारी झाला म्हणतात. पुढे फिलिपाइन्समध्ये मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला घेतले. पाद्री म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. पाद्री मिस्सा करतो, पापनिवेदन ऐकतो. बंधू पडेल ते काम करतो.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील पाठवले. त्यात पेद्रो बाउतिस्ता नावाचे फ्रान्सिस्कन पाद्री होते. त्यांना जपानी येत नव्हते. त्यांच्यासोबत गेला आमचा गोन्सालो, दुभाष्या म्हणून. विचार करा, समोर हिदेयोशीसारखा करारी माणूस, इकडे स्पेनचे वकील आणि दोघांच्या मध्ये वसईचा एक मुलगा. त्याची मातृभाषा दोघांचीही नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मान जाईल अशी ती जागा. दुभाष्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना माहीत असते, की दोन्ही बाजूंना आपण थोडे परकेच वाटतो. ज्याचे बोलणे आपण पोहोचवतो त्याला शंका असते, नीट सांगितले ना? आणि ज्याला पोहोचवतो त्याला शंका असते, हा कुणाचा माणूस?

हा प्रश्न मला ऐकून माहीत आहे. आमचे घर सोपाऱ्याचे. घरात कोकणी मुसलमानांची बोली, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरे, आणि अब्बांच्या हातात उर्दू वर्तमानपत्र. मी कविता मराठीत लिहितो, कारण ती मला मराठीतच सुचते. याला काही धोरण नाही. तरी कविसंमेलनात कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी भला माणूस येऊन म्हणतो, “वा, तुमचे मराठी किती छान आहे.” चाळीस वर्षे हे ऐकतो आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिले, अमर शेखांनी डफावर थाप मारून महाराष्ट्र जागवला, तरी कौतुकात हे आश्चर्य मिसळलेले असतेच. मी आभार मानतो आणि चहा घेतो. भांडण्याइतके ते वाईट नसते, आणि विसरण्याइतके लहानही नसते.

माझे अब्बा टपाल खात्यात होते. पोस्टमन. निर्मळ, गास, भुईगाव या बाजूच्या वाड्यांत सायकलवरून पत्रे वाटत. त्या वाड्यांत केळी, पानवेली, फुलझाडे, रहाटाच्या विहिरी आणि घरटी एखादा माणूस बोटीवर किंवा आखातात. परदेशातले पत्र आले की म्हातारी माणसे अब्बांना बसवून घेत. “मास्तर, वाचून दाखवा.” पोस्टमनला मास्तर म्हणायची तिकडे रीत नव्हती, पण वाचून दाखवणारा तो मास्तर, असा हिशेब. अब्बा ओट्यावर बसून पत्र वाचत. पोराने लिहिलेल्या पुस्तकी मराठीचा आईला समजेल असा अर्थ करून सांगत. लाल लुगड्यातल्या त्या बाया डोळे पुसून अब्बांना सुकेळी बांधून देत. आगाशी-वसईची ती वाळवलेली केळी. आमच्या घरी रमजानच्या रोजा सोडायच्या ताटात खजुराशेजारी ख्रिस्ती वाडीतली सुकेळी असायची. मला लहानपणी हे जगात सगळीकडे असेच असते असे वाटे.

पत्र वाचून झाले की पाकिटावरचे तिकीट माझ्यासाठी मिळे. साठ येनचे हे तिकीट असेच आले. एका घरातला माणूस बोटीवर होता आणि बोट नागासाकीला लागली होती. त्याने घरी काय लिहिले होते ते मला ठाऊक नाही. अब्बा एकाचे पत्र दुसऱ्याला कधी सांगत नसत, घरातही नाही. तिकीट मात्र माझ्या वहीत डिंकाने चिकटले. आमच्या वसईत गल्लोगल्ली चर्च असताना जपानच्या तिकिटावर चर्च कसे, एवढा प्रश्न मला पडला होता. उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळाले, तेव्हा अब्बा राहिले नव्हते.

आता पुन्हा जपानकडे जाऊ.

हिदेयोशीने आरंभी या फ्रान्सिस्कनांना राहू दिले. क्योटोमध्ये त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. मग १५९६च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे एक स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरचा माल जपान्यांनी जप्त केला. असे सांगतात की जहाजाच्या सुकाणूधराने रागाच्या भरात, आमचे साधू आधी येतात आणि फौज मागून येते, अशा अर्थाची फुशारकी मारली. तो तसे बोलला की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे. पण वसईच्या माणसाला हे वाक्य अगदीच खोटे म्हणता येणार नाही. आमच्याकडे फौज आणि साधू एकाच जहाजातून उतरले होते. हिदेयोशीच्या संशयाला तेवढे कारण पुरले.

क्योटो आणि ओसाकामध्ये मिळून चोवीस जणांना धरले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांत बसवून गावातून फिरवले आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे चालवत नेले. आठशे किलोमीटरहून अधिक वाट, सुमारे महिनाभर. रस्त्यात आणखी दोघे त्यांत मिळाले, आकडा सव्वीस झाला. यांत सहा फ्रान्सिस्कन. त्यांतले चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. तीन जपानी जेझुइट, त्यांत पॉल मिकी. बाकीचे सतरा साधे जपानी लोक. सगळ्यांत धाकटा लुई बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले. त्यांना क्रुसाला बांधले आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून मारले.

गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. १६२७ साली रोमने या सव्वीसांना धन्य म्हटले आणि ८ जून १८६२ रोजी नवव्या पायस पोपने संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचे नाव घेतात ते यामुळे.

मधल्या काळात मात्र जपानमध्ये फार विलक्षण गोष्ट घडली. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले, काही मारले, चर्च पाडली. लोकांना येशू-मेरीच्या प्रतिमांवर पाय ठेवायला लावत, म्हणजे कोण ख्रिस्ती ते कळावे. तरीही नागासाकीच्या आसपासच्या शेतकरी आणि कोळी लोकांनी आपला धर्म घरात लपवून ठेवला. त्यांच्याकडे पाद्री नव्हते. आपल्यातलाच एक जण मुलांच्या डोक्यावर पाणी घाली. एक जण सणांची पंचांगे सांभाळी. कानोन या बौद्ध देवीच्या मूर्तीतच ते मेरीमाता पाहत. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना पाठ करता करता शब्द इतके झिजले, की त्यांचा अर्थ कुणाला सांगता येईना. अर्थ गेला आणि सूर राहिला. हे अडीचशे वर्षे चालले. सात पिढ्यांनी पाद्री परत येतील, असे कुणा बास्तियानने सांगून ठेवल्याची कथा त्यांच्यात होती.

१८५८च्या करारांनंतर जपानची बंदरे परदेशी लोकांसाठी उघडली. नागासाकीतल्या फ्रेंचांसाठी चर्च बांधायचे ठरले. फ्युरे आणि पेतिजाँ या दोन फ्रेंच पाद्र्यांनी आराखडा केला. बांधले मात्र कोयामा हिदेनोशिन या जपानी सुताराने. त्याने चर्च कधी बांधले नव्हते, त्यामुळे ते त्याने लाकडात, आपल्याला येत होते तसे बांधले. १८६४च्या अखेरीस काम पुरे झाले. सव्वीसांना संतपद मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती, म्हणून चर्चला त्यांचेच नाव दिले आणि त्याचे तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेला ठेवले. हेच ते ओउरा चर्च. आसपासचे लोक त्याला ‘फ्रेंचांचे देऊळ’ म्हणत आणि बघायला गर्दी करत.

१७ मार्च १८६५, शुक्रवारचा दिवस. दुपारी दहा-पंधरा जपानी माणसे चर्चच्या दाराशी आली. उराकामी गावची, साधीच माणसे. पेतिजाँ यांनी दार उघडून त्यांना आत घेतले आणि आपण वेदीपाशी जाऊन प्रार्थनेला बसले. तेवढ्यात एक बाई त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? पेतिजाँ चकित झाले. ज्यांचा मागमूस उरला नाही असे सगळे जग समजत होते, ते लोक समोर उभे होते. त्या बाईचे नाव नोंदलेले आहे, इझाबेलिना युरी सुगिमोतो. वाचताना मला गोन्सालोची आई आठवली. कुणाचे नाव राहते आणि कुणाचे जाते याचे काही गणित सापडत नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो दुःखाचा आहे. बंदी अजून उठली नव्हती. ही माणसे उघड झाली म्हणून पकडली गेली. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरादारासकट दूरच्या प्रांतांत हद्दपार केले आणि त्यांतले सहाशेहून अधिक तिकडेच गेले. १८७३ साली बंदी उठल्यावर उरलेले परतले. त्यांनी उराकामीत स्वतःचे मोठे चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तो त्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर. उराकामीच्या बारा हजार ख्रिस्ती लोकांपैकी सुमारे साडेआठ हजार मेले. ओउरा चर्च काही किलोमीटर लांब आणि टेकडीच्या आडोशाला. त्याची छते आणि रंगीत काचा फुटल्या, इमारत उभी राहिली. १९५२पर्यंत डागडुजी चालली. जपानने तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे, आणि २०१८ साली लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांच्या इतर ठिकाणांबरोबर तिला युनेस्कोच्या जागतिक वारशातही घेतले गेले.

१९८१च्या तिकिटावर यातले काही लिहिलेले नाही. तिकिटाच्या दृष्टीने ती एक सुंदर जुनी इमारत. ज्या राज्याने या धर्माच्या माणसांना अडीचशे वर्षे शोधून शोधून मारले, त्याच देशाच्या टपालावर त्यांचे चर्च छापून येते आणि घरोघरी जाते, हे मला लहान वाटत नाही.

आता वसईकडे पाहा. आमच्याकडे गोष्ट उलटी घडली. इथे चर्च राज्यकर्त्यांचे होते. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांचे मोठे संघ गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली. त्यांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीला एक आहे, तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि ती शंकराच्या देवळापुढे वाजते. पण किल्ल्याबाहेरच्या वाड्यांत जी माणसे ख्रिस्ती होती ती तिथेच राहिली. त्यांना अडीचशे वर्षे लपावे लागले नाही. मोजके गोव्याचे आणि इथले पाद्री त्यांची चर्च चालवत राहिले. कडोडीत भांडत, वाडवळीत गाणी म्हणत, मराठीत प्रार्थना करत ती इथलीच राहिली. पोर्तुगीजांनी मुलूख जिंकला तेव्हा धर्म तलवारीसोबत आला, हे खरे. तलवार गेली तरी माणसांनी तो आपला म्हणून ठेवला, हेही तितकेच खरे. यातले एकच सत्य सांगणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटतात.

एकदा एका कार्यक्रमात मी गोन्सालोवर कविता वाचली. खाली उतरलो तर एक गृहस्थ म्हणाले, “तुम्ही मुसलमान, तुम्हाला चर्चचे काय?” दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “पोर्तुगीजांनी इथे काय केले ते विसरलात का?” दोघांचे प्रश्न वेगळे होते, पण सूर एकच होता. दुसऱ्या गृहस्थांना मी म्हटले, विसरलो नाही, पण गोन्सालो वसई जिंकायला आला नव्हता. तो वसईत जन्मला आणि बाहेर गेला. किल्ल्याचा इतिहास आपण नेहमी दरवाजातून आत शिरणाऱ्यांचा सांगतो. कोण कधी आला, कोणी कोणाला हरवले. दरवाजातून बाहेर पडलेल्यांची यादी कुणी करत नाही. पहिल्या गृहस्थांना मात्र काही बोललो नाही. त्यांना उत्तर द्यायचे तर सोपाऱ्यापासून सुरुवात करावी लागली असती. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना बौद्ध स्तूप सापडला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि ज्या बंदराची नोंद अरब प्रवाशांनी करून ठेवली आहे. तिथे वाढलेल्या माणसाला एकच गोष्ट आपली आणि बाकीच्या परक्या, असे म्हणता येत नाही. आणि तेवढा वेळ त्या गृहस्थांना नव्हता.

असाच प्रश्न फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनाही विचारला गेला होता. नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवणारे, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले लेखक. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींना पाद्री अध्यक्ष कसा, असे वाटले. ते अध्यक्ष झाले आणि भाषणही केले. जुलै २०२४मध्ये ते गेले. त्यांचे मराठी किती छान आहे, असे आश्चर्याने म्हणणारे लोक त्यांनाही भेटले असतीलच.

गोन्सालोला आपला म्हणणारे लोक कुठे कुठे निघाले पाहा. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १७४५ साली त्याच्या नावाने मोठा उत्सव झाला. तो करणारे लोक होते तिथले पार्दो, म्हणजे मिश्र रक्ताचे, ज्यांना गोरे आपल्यात घेत नव्हते. जाबोआताओ नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तिथल्या प्रवचनात मुद्दा मांडला, की हा संत पार्दोच आहे, कारण त्याची आई हिंदुस्थानातली होती. म्हणजे समुद्रापलीकडच्या, ज्यांनी वसईचे नावही ऐकले नसेल अशा लोकांना, त्या नाव नसलेल्या आईमुळेच तो आपला वाटला. आपल्याकडे बापाच्या आडनावावरून आपण त्याला पोर्तुगीज ठरवतो.

१९६२ साली, संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, नागासाकीत निशिझाका टेकडीवर सव्वीसांचे स्मारक उभारले गेले. यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराने सव्वीस ब्राँझच्या आकृती एका लांब भिंतीवर ओळीने उभ्या केल्या आहेत. क्रूस दाखवलेले नाहीत. बहुतेकांचे हात प्रार्थनेत आहेत आणि सगळ्यांचे पाय जमिनीपासून थोडे वर, जणू आत्ताच उचलले गेले. बारा वर्षांचा लुईही त्यात आहे, आणि आपला गोन्सालोही. मी ते फक्त छायाचित्रात पाहिले आहे. तिथे जाण्याइतके पैसे कवितेने कधी मिळाले नाहीत, आणि आता गुडघेही बोलू लागले आहेत.

वसईचा किल्ला मात्र माझ्या गुडघ्यांच्या आवाक्यात आहे. तुमच्याही असेल. वसई रोड स्टेशनवरून किल्ल्याकडे जाणारी बस पकडा. बहुतेक लोक चिमाजी अप्पांचा पुतळा पाहतात, समुद्राकडच्या दरवाजाशी फोटो काढतात आणि परततात. इथे सिनेमाची गाणी चित्रित झाली, २०१६ साली ‘कोल्डप्ले’ या इंग्रजी बँडच्या गाण्यातही हा किल्ला दिसला, तेव्हापासून कॅमेरे वाढले आहेत. तुम्ही जरा पुढे जाऊन जेझुइटांच्या चर्चची चौकशी करा. इथली कोळी मंडळी ‘गोन्सालोचे चर्च’ म्हटले तरी दाखवतात. त्याचा सण तिथेच असतो, तेव्हा गर्दी फार. एरवी सकाळी लवकर जावे. पाणी बरोबर ठेवा.